डावीकडचा पेंग्विन हलला

कादंबरीनं पेंग्विन पाहिले, इथून सगळ्याला सुरुवात झाली.

तसे पेंग्विन मीही पाहिले होते. आम्ही टोकियोजवळ उरायासुला राहतो, तिथून दोन स्टेशनं गेलं की मत्स्यालय आहे. तिथे ते घोळक्यानं उभे असतात आणि बालवाडीतली मुलं त्यांना हाका मारतात. पण कादंबरीनं पाहिले ते रानातले, म्हणजे समुद्रातले. कुणी न पाळलेले. ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावरच्या अभयारण्यात, नववर्षाच्या सुट्टीत. परत आल्यावर तिनं आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं आणि सांगितलं, "अगं, संध्याकाळ झाली की एकेक करत पाण्यातून बाहेर येतात. काठाशी थांबतात. सगळे जमले की मग मिळून वाळू ओलांडतात आणि आपापल्या बिळात जातात. ऑफिस सुटल्यासारखे!" सगळ्या बायका "अय्या!" म्हणाल्या. मी म्हणाले नाही. माझ्या तोंडात चिवडा होता, हे एक कारण. दुसरं उघडच आहे.

"फोटो?" मी चिवडा गिळून विचारलं.

"बंदी असते गं. त्यांच्या डोळ्यांना फ्लॅशचा त्रास होतो."

म्हणजे पुरावा नाही, आणि का नाही त्याचं कारणही इतकं सुसंस्कृत की पुढे बोलायची सोय नाही.

ही कादंबरी आमच्याच इमारतीत राहते, बरोबर माझ्या डोक्यावर. नवऱ्याबरोबर पुण्याहून नवी आली तेव्हा तिला साधा कचरा टाकता येत नव्हता. जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी तिनं नारळाची करवंटी, तेलाचा डबा आणि बल्ब एकाच पिशवीत घालून ठेवले, आणि नगरपालिकेच्या माणसांनी त्या पिशवीला लाल चिठ्ठी डकवून ती इमारतीच्या दारात सर्वांना दिसेल अशी ठेवून दिली. बिचारी रडत माझ्याकडे आली. मी तिला कचरा शिकवला. कुठल्या दुकानात मैद्याच्या शेजारी कणकेसारखं काहीतरी मिळतं ते दाखवलं. आणि मुख्य म्हणजे जपानी माणसाचा नकार ओळखायला शिकवलं.

हे शास्त्र जरा सविस्तर सांगितलं पाहिजे. जपानी माणूस नाही म्हणत नाही. तो मान एका बाजूला कलती करतो, दातांच्या फटीतून हवा आत ओढतो आणि म्हणतो, "सोऽऽ देसु नेऽऽ." शब्दशः अर्थ "तसंच आहे, नाही का!" पण मान कलली आणि हवा ओढली गेली की समजायचं, नाही. त्रिवार नाही. नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला पहिल्या आठवड्यात मी हा धडा देत असे. त्यामुळे आमच्या मराठी मंडळात कुणालाही काहीही अडलं की एकच वाक्य ऐकू यायचं, "वृंदाला विचारा." मला त्या वाक्याची इतकी सवय झाली होती की घरात कुणी काही विचारलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पेंग्विननंतर ते वाक्य बदललं. सुट्टीत कुठे जावं? कादंबरीला विचारा. मुलांना काय दाखवावं? कादंबरीला विचारा. एकदा तर मंडळातल्या शैलजाताईंनी माझ्या देखत, माझ्याच घरात, माझी साबुदाण्याची खिचडी खात तिला विचारलं की उरायासुत साबुदाणा कुठे मिळतो. तो साबुदाणा तिला मी दाखवला होता. मी फक्त शैलजाताईंना दुसऱ्यांदा खिचडी घ्या म्हटलं नाही.

मला हेवा वाटत होता. उगाच दुसरं नाव कशाला द्या! रात्री वरच्या मजल्यावर तिच्या सपाता वाजल्या तरी मला वाटायचं, ही पेंग्विनसारखी चालून दाखवते आहे.

मार्चमध्ये स्टेशनवरच्या प्रवास कंपनीच्या बाहेर फुकट पत्रकं ठेवली होती. त्यातल्या एकावर उत्तरेकडच्या, होक्काइदोच्या बाजूच्या एका लहानशा बेटाचा फोटो होता. बेटाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांच्या मी अजून लक्षात असेन. फोटोत कडा, खाली समुद्र आणि कड्यावर ओळीनं उभे राहिलेले पक्षी. पाठ काळी, पोट पांढरं, ताठ उभे. माझ्या हातातून भाजीची पिशवी पडली. पेंग्विन! जपानमध्येच! आणि ही बया ऑस्ट्रेलियाला जाऊन आली!

घरी येऊन वैभवीला पत्रक दाखवलं. वैभवी माझी मुलगी, तिसरीत, जपानी शाळेत. मी मराठीत विचारलेलं तिला सगळं कळतं आणि उत्तर ती जपानीत देते. तिनं फोटोकडे पाहिलं आणि "पेंगिन जा नाई यो" म्हणाली. पेंग्विन नाहीत हे.

"मग कोण आहेत?"

तिनं खांदे उडवले. मी मनात म्हटलं, नाव माहीत नाही आणि नाही म्हणायला पुढे! शाळेत काय शिकवतात कोण जाणे. मी पत्रक घेऊन शेजारच्या ओकादा-सानकडे गेले. ओकादा-सान म्हणजे सत्तरीची अतिशय सभ्य बाई. आमच्या फोडणीच्या वासानं तिला शिंका येतात, पण त्याही ती दार लावून घेऊन देते. मी फोटोवर बोट ठेवून विचारलं, "पेंग्विन?"

ओकादा-साननं मान कलती केली. दातांच्या फटीतून हवा आत ओढली.

"सोऽऽ देसु नेऽऽ," ती म्हणाली.

"बघ!" मी घरी येऊन वैभवीला म्हटलं, "ओकादा-सान हो म्हणाल्या."

मत्सरानं माणसाची दृष्टी जाते असं म्हणतात. माझं अख्खं शास्त्र गेलं.

गुढीपाडव्याला मंडळ जमलं तेव्हा श्रीखंडाच्या वाट्या फिरत असताना मी सहज, अगदी सहज म्हणाले, "आम्ही या वर्षी पेंग्विन बघायला चाललोय. रानातले. इथे जपानमध्येच."

"जपानमध्ये?" कादंबरी म्हणाली. "जपानमध्ये असतात?"

"तुला माहीत नसेल," मी म्हटलं. तसे हे तीनच साधे शब्द, पण ते उच्चारताना मला जे सुख झालं ते श्रीखंडानं झालं नव्हतं. तिथल्या तिथे पंढरीनाथकाकांनी जाहीर केलं की गणपतीच्या कार्यक्रमात वृंदाताई आपल्याला पेंग्विनची व्हिडिओ फिल्म दाखवतील. काका आमच्या मंडळाचे अध्यक्ष. जपानला सगळ्यांच्या आधी आलेले, मोत्यांच्या व्यापारात जन्म गेलेला, आणि त्यांनी जाहीर केलेली गोष्ट मागे घेता येत नाही, ते चिडतात.

नवऱ्याला हे मागाहून कळलं. हरीश टोकियोच्या एका बँकेत कॉम्प्युटरवर काम करतो. पत्रकावरच्या तारखा वैभवीकडून वाचून घेतल्या तर पक्षी जुलैअखेरपर्यंतच असतात. सगळा जपान सुट्टी घेतो ऑगस्टमध्ये. जुलैत एकट्यानं सुट्टी मागणं म्हणजे सगळी पंगत जेवत असताना उठून हात धुवायला जाणं.

"साहेबांना काय सांगू?" हरीश म्हणाला.

"आजी आजारी आहे म्हणून सांग."

"आजी मागच्या वर्षी आजारी होती."

शेवटी त्याला खोटं बोलवेना. त्यानं साहेबांना खरंच सांगितलं की होक्काइदोच्या बेटावर पेंग्विन बघायला जायचंय. संध्याकाळी आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "बराच वेळ गप्प होते. मग मान वाकडी करून सोऽऽ देसु नेऽऽ म्हणाले." आम्ही त्याचा अर्थ रजा मंजूर असा लावला. माझ्याच घरात माझ्याच शास्त्राची ही अवस्था.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. होक्काइदोत अस्वलं असतात, पिशवीला घंटा बांधा, असं एकीनं सांगितलं. बोट लागली तर आवळा सुपारी चघळा, असं शैलजाताई म्हणाल्या. काका म्हणाले, काही चघळू नका, क्षितिजाकडे बघा. कादंबरी खाली आली आणि म्हणाली, "गरम कपडे घे गं. पेंग्विन बघायला खूप वेळ बसावं लागतं. मी तर गारठले होते." मला तिचा सल्ला नको होता. मी गरम कपडे घेतले नाहीत.

विमान, मग बस, मग बोट. बोटीवर मी आवळा सुपारी चघळत क्षितिजाकडे पाहिलं. दोन्ही उपाय एकत्र केले तर ते एकमेकांना मारक ठरतात, एवढी भर मी त्या ज्ञानात घालू शकते. हरीश नव्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं लाटांचं चित्रण करत होता, आणि मध्येच माझंही. तेवढी टेप मी नंतर पुसायला लावली.

बेटावर उतरलो तेव्हा जुलै महिन्यात दात वाजत होते. ज्या घरात उतरलो तिथल्या मालकीणबाईंना वैभवीनं सांगितलं की आम्ही मासे खात नाही. त्यांनी फार वाईट वाटून घेतलं आणि जेवणात माशांऐवजी समुद्रातले काटेरी गोळे फोडून आणले. ते मासे नाहीत, हे शास्त्रदृष्ट्या बरोबर होतं. आम्ही दशम्या काढल्या.

संध्याकाळी मालकीणबाई म्हणाल्या, चला, कड्यावर चला, पक्षी घरी यायची वेळ झाली. मी ताडकन उठले. कादंबरीचेही संध्याकाळीच आले होते ना! आम्ही कड्यावर जाऊन बसलो. सूर्य बुडाला आणि समुद्रावरून पक्षी यायला लागले. आधी चार-दोन, मग शेकडो, मग मोजदादच संपली. चोचीत मासे घेतलेले गुबगुबीत करडे पक्षी बाणासारखे येत होते, कड्यावर धपाधप आदळत होते आणि पायाखालच्या बिळांत घुसत होते. एक माझ्या खांद्याला थडकून गेला. एकाचा मासा हरीशच्या मांडीवर पडला. आभाळ पंखांनी भरून गेलं होतं आणि वैभवी दोन्ही हात पसरून ओरडत होती.

"यात पेंग्विन कुठला?" मी विचारलं.

"हे पेंग्विन नाहीत," हरीश म्हणाला. "पण वृंदा, बघ तरी!"

"मग कॅमेरा बंद कर. टेप संपेल."

नंतर मला कळलं की त्या पक्ष्यांच्या या घरवापसीसाठी लोक जगभरातून येतात. मी गुडघ्यांना मिठी मारून, थंडीनं काकडत, उद्याच्या बोटीचा विचार करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी बेटाला फेरी मारणारी छोटी बोट होती. बोटवाला कर्ण्यावरून सारखा काहीतरी सांगत होता. एका उंच कड्यापाशी त्यानं बोटीचा वेग कमी केला आणि वर हात केला. कपारीत, ओळीनं, ताठ, पाठ काळी आणि पोट पांढरं. अगदी फोटोतल्यासारखे.

"पेंग्विन!" मी इतक्या जोरात ओरडले की बोटीतल्या सगळ्या जपानी माणसांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सभ्यपणे समुद्राकडे पाहिलं. "हरीश, घे! जवळून घे! हलू नकोस!" हरीशनं कॅमेरा लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी मला कादंबरीविषयी काहीही वाटत नव्हतं, तिची थोडी दयाच येत होती.

बोटवाला बोलत होता. वैभवी ऐकत होती. मग ती आयुष्यात पहिल्यांदाच आपणहून मराठीत म्हणाली, "आई, ते लाकडाचे आहेत."

"काय?"

"लाकडाचे. रंग दिलाय. बोटवाले काका म्हणतात, आधी इथे खरे पक्षी खूप होते. आता नाहीत. म्हणून खोटे ठेवले. खऱ्यांनी वरून पाहिलं की त्यांना वाटतं, सगळे तिथेच बसलेत, मग आपण पण जाऊ या." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि ते पेंग्विन नाहीत. ते उडतात."

वर कपारीत एक कर्णा होता आणि त्यातून पक्ष्यांचा कलकलाट वाजत होता. कर्ण्याची वायर कड्यावरून खाली आली होती. मी खुणेनं विचारलं, खरे कुठे आहेत? बोटवाल्यानं टोपी काढली आणि खरे पक्षी आज आले नाहीत याबद्दल त्यांच्या वतीनं कमरेत वाकून माफी मागितली. मीही वाकले. बोट डोलत होती, त्यामुळे आम्ही दोघं बराच वेळ वाकत राहिलो.

परतीच्या वाटेवर हरीश हळूच म्हणाला, "सांगून टाकू या मंडळात. हसतील आणि विसरतील."

विसरतील! आमच्या मंडळात कुणाची करंजी फुटली तरी पुढच्या दिवाळीपर्यंत लक्षात ठेवतात. आणि सांगायचं कुणासमोर? "तुला माहीत नसेल" असं मी जिला म्हटलं होतं, तिच्यासमोर. मी म्हटलं, "आपण खोटं बोलायचं नाही. आपण फक्त फिल्म दाखवायची. बघणाऱ्याला जे दिसेल ते त्याचं."

गणपती नेहमीप्रमाणे सार्वजनिक सभागृहातल्या चटयांच्या खोलीत बसले. त्या खोलीत उदबत्ती लावायला परवानगी नसते, म्हणून ती आम्ही न पेटवता ओवाळतो. आरती झाली, काकांनी टीव्ही लावायला सांगितला. तयारी मी केली होती. वैभवीला लहान मुलांबरोबर बाहेर अंगणात पाठवलं होतं. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेवला होता, कारण बोटवाला कर्ण्यावरून सगळं खरं सांगत होता आणि काकांचं जपानी पक्कं आहे.

"आवाज का नाही?" काकांनी विचारलं.

"वाऱ्याचा आवाज फार आहे, काका. मी सांगते ना."

पडद्यावर कडा आला. गवत वाऱ्यानं आडवं झालं होतं, लाटा फुटत होत्या, बोट वरखाली होत होती. जगातलं सगळं हलत होतं. फक्त पेंग्विन हलत नव्हते.

"अय्या!" शैलजाताई म्हणाल्या. मी त्यांना मनातल्या मनात खिचडी माफ केली.

बराच वेळ गेला. गवत आडवंच होतं.

"हे हलत का नाहीत?" काका म्हणाले.

हरीश गणपतीकडे बघत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काका, जपानचे आहेत ते. रांगेत उभे राहिले की राहिले." सगळे हसले आणि मान डोलवायला लागले. खरंच की! काय ती शिस्त! आपल्याकडचे असते तर एव्हाना धक्काबुक्की झाली असती.

मग कादंबरीचा नवरा स्वानंद पुढे सरकला. स्वानंद इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे, त्याला कुठेही वायरच दिसते. "एक मिनिट," तो म्हणाला, "ती वायर कसली आहे?"

आता सगळ्यांनी वायर पाहिली. मी कादंबरीकडे पाहिलं. ती पडद्याकडे टक लावून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला समजलंय. वायर, कर्णा, लाकूड, सगळं. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

"कसली वायर?" कादंबरी म्हणाली. "वेल आहे तो. आणि तुम्ही वायरी कसल्या बघताय? तो डावीकडचा हलला बघा!"

"कुठे?"

"आत्ता! मान वळवली. मी पाहिलं."

"हो हो," काका म्हणाले. "मीही पाहिलं. चांगली वळवली."

मग सगळ्यांनीच पाहिलं. शैलजाताईंना तर दोन हललेले दिसले. स्वानंद तोंड उघडणार होता, पण बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की तोही म्हणाला, हलला असेल.

कार्यक्रम संपल्यावर भांडी विसळायला आम्ही दोघीच मागे होतो. ती कचरा वेगळा करत होती. नारळाच्या करवंट्या एकीकडे, बाटल्या एकीकडे. मी शिकवला होता तसा, मला रागच आला.

"का वाचवलंस मला?" मी विचारलं. "लाकडाचे होते ते. आणि पेंग्विनही नव्हते. कुठलेतरी उडणारे पक्षी."

"लाकडाचे ते कळलं. पेंग्विन नाहीत ते आत्ता कळलं." ती हसायला लागली. मग हसू आवरून म्हणाली, "अगं, मी तरी कुठे पाहिले?"

"म्हणजे?"

"गारठले होते ना मी. ते पाण्यातून आले तेव्हा मी चहाच्या रांगेत होते. चहा घेऊन येईपर्यंत सगळे बिळात. स्वानंदनं पाहिले. मी तुम्हाला सांगितलं ते सगळं त्याचं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तुला एकटीला सांगणार होते," ती म्हणाली. "सगळ्या गेल्यावर लगेच. पण त्या दिवसापासून तू नीट बोलेनाशीच झालीस. मला वाटलं, माझं काय चुकलं?"

इतके महिने मी त्या पेंग्विनांवर जळत होते, जे तिनं पाहिलेच नव्हते. वर तिच्या सपाता वाजायच्या आणि खाली मी कुढायची, आणि तीही वर बहुधा माझ्या दाराचा आवाज ऐकत बसलेली असायची. मला एकदम तिची इतकी आठवण आली की ती समोर उभी आहे हे विसरायला झालं. आम्ही दोघी ओट्याला टेकून इतक्या हसलो की सभागृहाचा माणूस सगळं ठीक आहे ना बघायला आला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या जुलैत कादंबरी आणि स्वानंद त्याच बेटावर गेले. मीच सगळं सांगितलं होतं, बोट कुठून, घर कुठलं, काटेरी गोळे कसे टाळायचे. एका सकाळी फोन वाजला.

"वृंदा! मी बेटावरून बोलतेय, टेलिफोन कार्ड संपत आलंय. अगं, खरा! लाकडाच्या पक्ष्यांमध्ये एक खरा बसला होता! आमच्यासमोर हलला! डावीकडचाच! आणि उडाला!"

"वा," मी म्हटलं. "वा वा."

"तू हवी होतीस गं!"

मला आनंद झाला असं लिहायचा माझा विचार होता. झाला नाही. आधी गेले मी, ओकले मी, गारठले मी, वाकले मी, आणि पक्षी आला हिच्यासाठी! "फोटो काढलास?" मी विचारलं.

"कॅमेरा स्वानंदच्या गळ्यात होता आणि स्वानंद वायर बघत होता."

तेव्हा मात्र मला जरा बरं वाटलं. मग कार्ड संपलं.

त्या वर्षीच्या गणपतीला ओकादा-सानलाही आम्ही बोलावलं होतं. ती पाय दुमडून, हातात रुमाल घेऊन बसली होती, आणि वैभवी तिला सगळं जपानीत सांगत होती. पानं वाढली. मोदक आले. आणि कादंबरीला राहवेना. तिनं सगळ्यांना सांगितलं की वृंदाच्या बेटावर जाऊन आलो आणि एक तर चक्क उडाला.

"कोण उडाला?" काका म्हणाले.

"पक्षी... म्हणजे तो... पेंग्विन."

पंक्तीत हशा पिकला. "पेंग्विन कुठे उडतात का?" शैलजाताई म्हणाल्या. "अगं, दुसरीतल्या पोराला माहीत असतं!" मागून कुणीतरी विचारलं, फोटो आहे का? कादंबरी लाल झाली. तिनं एकदा स्वानंदकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं सांगायचं तर ते पेंग्विन नव्हतेच, हे सांगावं लागणार होतं, आणि मग माझी फिल्म, माझी शिस्त, माझा डावीकडचा, सगळंच गेलं असतं. तिला ते माहीत होतं. ती गप्प बसली. खोटी ठरली पण गप्प बसली.

"वृंदाला विचारा," काका म्हणाले. "ती सांगेल."

किती दिवसांनी ऐकलं ते वाक्य! सगळे माझ्याकडे वळले. मी अर्थातच लगेच बोलले नाही. मी आधी हातातला मोदक संपवला. सावकाश, तुपासकट. खरा पक्षी पाहिलाय ना तिनं, मग बसू दे थोडी. मग मी पाणी प्यायले, आणि कादंबरीचे डोळे भरून येणार असं वाटल्यावर म्हणाले, "उडतात. इकडचे उडतात. मी मागच्याच वर्षी पाहिलं, पण तुमचा विश्वास बसणार नाही म्हणून बोलले नाही."

खोलीत कुजबुज झाली. काका विचारात पडले. मग त्यांनी जपानीत थेट ओकादा-सानलाच विचारलं, की तुमच्या उत्तरेकडे पेंग्विन उडतात, हे खरं का?

ओकादा-साननं रुमाल मांडीवर ठेवला. मान एका बाजूला कलती केली. दातांच्या फटीतून हवा आत ओढली.

"सोऽऽ देसु नेऽऽ," ती म्हणाली.

"घ्या!" काका म्हणाले. "त्या स्वतः सांगतायत. मीही कुठेतरी ऐकलं होतं." काका सोडले तर त्या खोलीतल्या प्रत्येक मराठी माणसाला तो धडा मी स्वतः शिकवला होता. एकालाही आठवला नाही. शैलजाताई विचारायला लागल्या, बोट कुठून सुटते?

कादंबरीनं माझ्या पानात आणखी एक मोदक वाढला, आणि वर तूप जरा जास्तच घातलं.